टोमॅटो बाहेर कधी लावायचा?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या न्यू जर्सी राज्यात एप्रिलच्या मध्याला एखादी दुपार २५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. जाड कोट कपाटात जातात आणि नर्सऱ्यांच्या दारात टोमॅटो, मिरची, वांग्याच्या रोपांचे ट्रे मांडले जातात. त्याच आठवड्यात एखादी रात्र निरभ्र आणि वारा पडलेली येते. दुपारी हौसेने लावलेली रोपे सकाळी काळपट, पाणी सुटलेली आणि लुळी होऊन पडलेली असतात. एडिसन, प्रिन्स्टन या भागांत मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि त्यांच्या परसातल्या वाफ्यांत मेथी, कोथिंबीर, भेंडी, दुधी, मिरची हटकून असते. महाराष्ट्रात पेरणीचा मुहूर्त पाऊस ठरवतो. इथे तो शेवटची गोठवणारी रात्र ठरवते.

थंड हवामानाच्या प्रदेशात परसबागेचा हंगाम दोन रात्रींच्या मध्ये मावतो: वसंतातली शेवटची गोठवणारी रात्र आणि शरदातली पहिली. मध्य न्यू जर्सीत हे अंतर साधारण सहा महिन्यांचे असते. मिनेसोटाच्या उत्तर भागात ते तीन-चार महिन्यांवर येते. घाई केली तर रोपे जातात, हे सर्वांना ठाऊक असते. उशिराचा तोटा मात्र पटकन लक्षात येत नाही. मे उजाडल्यावर पेरलेला पालक पाने धरण्याआधीच फुलावर जातो, वाटाण्याचा बहर जूनच्या उन्हात गळतो, आणि उशिरा लावलेली वांगी भरात येतात तोवर ऑक्टोबर दारात उभा असतो. सगळी भाजी एकाच दिवशी लावून मोकळे होण्याची सोय इथे नाही.

मुळात दव गोठते कसे, हे कळले की अर्धे काम होते. महाबळेश्वरहून जवळजवळ दर हिवाळ्यात एक बातमी येते: वेण्णा तलावाच्या परिसरात गवतावर, गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसले. त्याच दिवशीची हवामान खात्याची नोंद पाहिली तर महाबळेश्वरचे किमान तापमान शून्याच्या बरेच वर असते. यात कोणाचीच चूक नसते. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, झडपांच्या पेटीत टांगलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो, गवताच्या पात्याचे नाही. रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. आकाशात ढग असले तर त्यातली बरीचशी परत येते. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर जमिनीलगतचा थर झपाट्याने निवतो आणि पाने भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. म्हणून केंद्रावर २ अंशांची नोंद असतानाही वाफ्यातल्या पानांवर पांढरा थर जमू शकतो.

थंड हवा जड असते, त्यामुळे ती उतारावरून खाली वाहत जाऊन खोलगट जागी साठते. वेण्णा तलावाच्या सखल परिसरात गारठा वरच्या भागापेक्षा जास्त असतो तो याच कारणाने, आणि परसातही हाच नियम छोट्या प्रमाणावर चालतो. उताराच्या तळाचा वाफा वरच्या वाफ्यापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहू शकतो. उतारावर आडवे दाट कुंपण असेल तर थंड हवा त्याच्या वरच्या अंगाला अडून तळे करते, आणि नेमका तिथेच कोणीतरी टोमॅटो लावलेला असतो. याउलट दक्षिणेला तोंड केलेली विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू परत देते. उत्तर गोलार्धात घाई करायचीच असेल तर ती या भिंतीच्या पायथ्याशी करावी.

गारठ्याचा दुसरा प्रकार वाऱ्यावर येतो. कॅनडाकडून शून्याखालच्या हवेची लाट उतरते, तेव्हा ढग असोत वा नसोत, उंच-सखल सगळेच गोठते. अशा रात्री वर टाकलेल्या चादरीचा फारसा उपयोग होत नाही. सुदैवाने वसंताच्या शेवटी पडणारा कडाका बहुतेक वेळा पहिल्या, म्हणजे निरभ्र रात्रीच्या प्रकारातला असतो, आणि त्याच्यापासून बचाव करता येतो.

हवामानाच्या अंदाजात दवबिंदूचा आकडाही दिलेला असतो, पण तो फार थोडे लोक पाहतात. हवेतल्या बाष्पाचे पाणी कोणत्या तापमानाला होऊ लागेल, ते हा आकडा सांगतो. दवबिंदू ५-६ अंश असेल तर रात्री तापमान तिथवर उतरताच दव पडू लागते. बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते आणि पुढची घसरण मंदावते. हवा कोरडी असेल, दवबिंदू शून्याच्या बराच खाली असेल, तर पारा अडथळ्याशिवाय घसरतो. असा कोरडा कडाका जास्त फसवा असतो, कारण पहाटे पांढरे काही दिसतच नाही. दिसतात ती दुपारपर्यंत काळी पडलेली पाने.

वनस्पतीला मारतो तो बर्फ, थंडी नव्हे. निदान कणखर भाज्यांच्या बाबतीत तरी. पानात बर्फ आधी पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तयार होतो. हा बर्फ पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो, पेशी सुकतात, त्यांचे पडदे फाटतात आणि बर्फ वितळल्यावर आतला रस पानभर पसरतो. पाणी सुटलेली, काळपट पाने दिसतात ती त्यामुळे. शुद्ध पाणी शून्याच्या कितीतरी खाली गेले तरी द्रवरूप राहू शकते. स्फटिक जमायला त्याला एखादा कण लागतो. पानांवर राहणारा स्यूडोमोनास सिरिंजी हा जिवाणू असा कण पुरवतो आणि उणे २ अंशांच्या आसपासच बर्फ धरायला लावतो. हा गुण काढून टाकलेले जिवाणू फवारले तर पिके वाचतील, या कल्पनेतून कॅलिफोर्नियात १९८७ च्या एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर प्रयोग झाला. जनुकबदल केलेला जीव सरकारी परवानगीने उघड्या रानात सोडण्याचा हा सुरुवातीचाच प्रसंग होता. गदारोळ मोठा झाला, पण ते औषध काही परसबागेपर्यंत पोचले नाही.

पालक, वाटाणा, कोबी, केल, लसूण यांच्या पेशींत थंडी वाढत जाईल तशी साखर साठत जाते आणि त्या गोठायला जास्त थंडी लागते. चांगली मुरलेली पालकाची रोपे उणे ४-५ अंशही सोसतात. भेंडी, वांगी, मिरची, काकडी, दुधी ही उष्ण प्रदेशातली मंडळी आहेत. त्यांना गोठण्याची वाट पाहावी लागत नाही. १० अंशांच्या खाली काही रात्री काढल्या की त्यांची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, आणि पुढे ऊब आली तरी ती आठवडेच्या आठवडे आहेत तशीच राहतात. टोमॅटो या दोन्हींच्या मध्ये, पण दुसऱ्या गटाच्या जवळ. थंड मातीत लावलेल्या टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी होते: माती गार असल्याने मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही. खत घालून हा रंग जात नाही, ऊब आल्यावर आपोआप जातो.

मग तारीख कोणती धरायची? अमेरिकेतल्या प्रत्येक गावासाठी ‘शेवटच्या गोठणाची सरासरी तारीख’ काढलेली असते. तिच्यामागे राष्ट्रीय हवामान यंत्रणेच्या तीस वर्षांच्या नोंदी असतात. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. ही तारीख सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत जास्त चुकीची वाचली जाते. २२ एप्रिल ही सरासरी असेल, तर त्याचा अर्थ ‘२२ एप्रिलनंतर धोका नाही’ असा होत नाही. दोन वर्षांतून एकदा त्या तारखेनंतरही पारा शून्यावर येतो, इतकाच त्याचा अर्थ आहे. टोमॅटोची किंमत लक्षात घेता नाणे उडवून घ्यायचा हा निर्णय नव्हे. त्याच तक्त्यांत १० टक्के शक्यतेची तारीखही दिलेली असते. ती साधारण दीड-दोन आठवडे पुढची असते. नाजूक भाज्यांसाठी बघायची ती ही. कणखर भाज्यांसाठी उलटे: त्यांना शून्याची तारीख बघायचीच गरज नाही. तक्त्यांत ३६, ३२ आणि २८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २, ० आणि उणे २ अंश सेल्सिअस अशा तीन पातळ्यांच्या वेगवेगळ्या तारखा असतात. कोबीने २८ ची तारीख पाहावी, वांग्याने ३६ ची.

गावाच्या नावावर विसंबूनही भागत नाही. न्यू जर्सी हे छोटे राज्य, पण दक्षिण टोकाला समुद्राने वेढलेल्या केप मेच्या किनाऱ्यावर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडाका सरतो, तर वायव्येच्या डोंगराळ ससेक्स परगण्यात तो मेच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. सर्वांत चमत्कारिक भाग दक्षिणेतल्या पाइन बॅरन्सचा. हा समुद्रापासून फार दूर नाही, उंचावरही नाही, पण इथली माती रेताड आणि कोरडी. रेती उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे निरभ्र रात्री इथला पारा शेजारच्या गावांच्या कितीतरी खाली जातो. न्यूअर्कसारख्या शहरात मात्र डांबर आणि काँक्रीट रात्रभर ऊब सोडत राहतात. साध्या किमान-कमाल तापमापकाने आपल्या वाफ्यालगतचे आकडे दोन वसंत टिपून ठेवले, तर कोणत्याही तक्त्यापेक्षा नेमकी माहिती हाती येते.

सरासरीचा आकडा किती बेभरवशाचा, हे २०२३ च्या मेने दाखवले. १८ मे रोजी पहाटे न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि आसपासच्या राज्यांत कडाका पडला. द्राक्षांचे कोवळे फुटवे आणि सफरचंदाचा बहर करपून गेला. त्याआधी २००७ मध्ये मार्च विलक्षण उबदार गेला, झाडे लवकर फुटली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ईस्टरच्या सुमारास आलेल्या थंडीने अमेरिकेच्या मध्य आणि आग्नेय भागातल्या फळबागा आणि गहू होरपळला. उबदार वसंत हा लवकर लावण्याचा परवाना वाटतो. खरे तर धोका त्याच वर्षी जास्त असतो, कारण सगळे काही कोवळ्या फुटीवर असते. गेल्या शतकात अमेरिकेतला गोठणमुक्त काळ सरासरी दोन आठवड्यांनी वाढला आहे, पण वाढलेल्या सरासरीतही अशी एकटी रात्र येतच राहते.

इथे आणखी एक घोटाळा नेहमी होतो. रोपांच्या लेबलावर ‘झोन ७’ असे काही छापलेले असते. अमेरिकी कृषी खात्याचा हा नकाशा १९६० साली प्रथम निघाला आणि २०२३ मध्ये नव्याने काढला गेला. पण तो सांगतो ते हिवाळ्यातले सर्वांत कमी तापमान सरासरीने किती असते एवढेच. अंजिराचे किंवा गुलाबाचे झाड हिवाळा काढेल का, हे त्यावरून कळते. वसंतात कडाका कधी संपेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. सिअ‍ॅटलचा हिवाळा सौम्य, त्यामुळे झोन चांगला. पण तिथला वसंत आणि उन्हाळा इतका गार असतो की भेंडी रडतखडत येते.

तक्ते नव्हते तेव्हाही पेरणी होत होतीच. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि पूर्व युरोपात ११ ते १५ मे या काळातल्या संतांना ‘बर्फाचे संत’ म्हणतात: मामेर्टस, पँक्राटियस, सेर्वाटियस, बोनिफाटियस आणि शेवटी ‘थंड सोफी’. सोफीचा दिवस उलटल्याशिवाय तिथला जुन्या वळणाचा माळी टोमॅटो बाहेर काढत नाही. ही म्हण पडली तेव्हा जुनी कालगणना होती. १५८२ च्या सुधारणेत दहा दिवस गाळले गेले. म्हणजे जुन्या माळ्यांची सोफी आजच्या हिशेबाने मेच्या शेवटच्या आठवड्यात येते. कॅनडात व्हिक्टोरिया दिनाची सुट्टी, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, ही लावणीची खूण मानतात. अमेरिकेच्या ईशान्येला वाटाणा १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी पेरायची रीत आहे.

यापेक्षा झाडांच्या खुणा अधिक विश्वासाच्या, कारण झाड तारीख पाहत नाही, साठलेली ऊब मोजते. ओकचे पान खारीच्या कानाएवढे झाले की मका पेरावा, ही खूण अमेरिकेत फार जुनी आहे आणि आजही चुकत नाही. डँडेलियनची पिवळी फुले दिसू लागली की बटाटा लावावा. लायलॅकचा बहर ओसरला की घेवडा आणि काकडी पेरावी. या खुणा माती किती तापली ते बरोबर सांगतात. येत्या मंगळवारी उत्तरेची लाट येणार आहे, हे लायलॅकला कळत नाही, तेवढी मर्यादा लक्षात ठेवावी.

मराठी घरातल्या भाज्यांची वाटणी करायला रब्बी आणि खरीप हा हिशेब पुरतो. घाटावर थंडीत पिकतात त्या भाज्या न्यू जर्सीत आधी, पावसाळी आणि उन्हाळी भाज्या नंतर. पालक, वाटाणा, मुळा, कांद्याची रोपे ही सरासरी तारखेच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे मध्य न्यू जर्सीत मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जमिनीत जातात. बटाटा आणि गाजर, बीट दोन-तीन आठवडे आधी. मेथी आणि कोथिंबीर एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. दोन्ही हलका गारठा सोसतात. या दोघींना उशीर अजिबात खपत नाही. महाराष्ट्रात वर्षभर दिवसाची लांबी फारशी बदलत नाही, इथे मात्र जूनमध्ये दिवस पंधरा तासांचा होतो, आणि लांब दिवस व ऊन एकत्र आले की कोथिंबीर चार पाने काढून थेट धण्यावर जाते. दर दहा-बारा दिवसांनी मूठभर धणे रगडून टाकत राहणे हाच उपाय, आणि तोही मेअखेरपर्यंतच.

कणखर भाज्यांच्या घाईलाही एक लगाम आहे, तो मातीचा. बर्फ वितळल्यानंतर जमीन चिंब असते. वाफसा येण्याआधी फावडे घातले तर चिकणमातीची ढेकळे होतात आणि ती उन्हाळाभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि अंगठ्याने ढोसावा. भुसभुशीत फुटला तर पेरावे, चिकटून राहिला तर घरात बसावे. लवकर पेरण्याची हौस असलेल्यांनी गादीवाफे करावेत. त्यांतले पाणी लवकर निथळते आणि माती आठवडाभर तरी आधी तापते.

बियाण्यालाही हवेपेक्षा मातीची ऊब कळते. पालक आणि लेट्यूसचे बी २ अंशांच्या मातीतही उगवू शकते, वाटाणा आणि गाजर ४-५ अंशांना, टोमॅटो १० अंशांना. घेवडा, काकडी, मिरची, वांगी, भेंडी यांना किमान १५-१६ अंश लागतात. किमान म्हणजे पुरेसे नव्हे. १६ अंशांच्या ओल्या मातीत भेंडीचे बी फुटायला तीन-चार आठवडे घेते, आणि तेवढ्यात ते कुजण्याचीच शक्यता जास्त. ३० अंशांना तेच बी आठवड्याभरात वर येते. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर सकाळी आठ-नऊच्या सुमारास बोटभर खोल खुपसून सलग चार-पाच दिवस पाहिला की उत्तर मिळते. दुपारी मोजलेला आकडा मन रमवायला ठीक असतो.

या हिशेबाने मध्य न्यू जर्सीत टोमॅटोची रोपे १० ते १५ मेच्या दरम्यान, वांगी आणि मिरची त्यानंतर आठवड्याभराने, आणि भेंडी, दुधी, कारली, पडवळ मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा अशी लावावीत. दुधी-कारल्याचे बी रात्रभर भिजत घालून कागदी कपात तीन-चार आठवडे आधी घरात लावता येते. या वेलांना मुळे हललेली चालत नाहीत, म्हणून कपासकट जमिनीत ठेवावे. कढीपत्त्याची कुंडी सर्वांत शेवटी बाहेर निघते, रात्री १० अंशांच्या वर स्थिरावल्यानंतर.

टोमॅटो-मिरचीची रोपे मात्र घरातच करावी लागतात, आणि त्यांचे वेळापत्रक शेवटच्या कडाक्यापासून मागे मोजतात. टोमॅटोला सहा ते आठ आठवडे, मिरची-वांग्याला आठ ते दहा, कांद्याला दहा-बारा. इथे नवशिक्यांची चूक एकच: फार लवकर सुरुवात. फेब्रुवारीत खिडकीतला उजेड अपुरा असतो, रोपे काचेकडे वाकून लांबलचक आणि फिकी होतात, आणि एप्रिलमध्ये कपात मावेनाशी झाली की ती बाहेर लावण्याचा मोह आवरत नाही. दिव्याखाली, शेंड्यापासून पाच-दहा सेंटिमीटरवर दिवा ठेवून वाढवलेले वीतभर उंचीचे, जाड देठाचे रोप हातभर लांब रोपाला महिन्याभरात मागे टाकते.

घरातले रोप थेट वाफ्यात गेले तर कडाका नसतानाही झोडपले जाते. खिडकीच्या उजेडात वाढलेल्या पानाची वरची साल पातळ असते. पहिल्याच उन्हात त्यावर कागदासारखे पांढरे डाग पडतात. म्हणून सात ते दहा दिवस रोपे काटक करतात. पहिल्या दिवशी सावलीत तास-दोन तास, मग रोज थोडे जास्त ऊन, थोडा वारा, पाणी किंचित कमी. शेवटच्या दोन-तीन रात्री ती बाहेरच राहतात. तयार रोपाचा देठ किंचित जांभळट आणि ताठ होतो, पान गडद आणि जाड लागते. दुकानातल्या ट्रेमधली रोपे बहुधा हरितगृहातून थेट आलेली असतात, तेव्हा त्यांनाही हा आठवडा द्यावाच लागतो.

इतके करूनही मेच्या एखाद्या दुपारी फोनवर हवामान सेवेची सूचना येते. ‘फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी’ म्हणजे पारा ३३ ते ३६ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरेल आणि दव गोठू शकेल. ‘फ्रीझ वॉर्निंग’ म्हणजे तो ३२ किंवा त्याखाली जाईल. तयारी ऊन असतानाच करायची. दुपारी वाफ्याला पाणी द्यावे: ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर पोचवते. पेंढ्याचे आच्छादन असेल तर त्या रात्रीपुरते बाजूला सारावे, नाहीतर जमिनीतली ऊब त्याच्याखालीच अडकते. सूर्य मावळण्याआधी पांघरूण घालावे आणि ते चहूबाजूंनी जमिनीपर्यंत टेकवावे. झाडाच्या डोक्यावर चादर बांधून खालून देठ उघडा ठेवलेला दिसतो, त्यात ऊब झाडातून येते अशी समजूत असावी. ती येते जमिनीतून.

पांघरुणाला जुनी चादर चालते. महाराष्ट्रात टरबूज उत्पादक वापरतात तसले पांढरे क्रॉप कव्हर सर्वांत उत्तम. जाडीनुसार ते एक ते चार अंशांचे संरक्षण देते. प्लॅस्टिक वापरायचे तर कमानी करून पानांपासून दूर ठेवावे, कारण जिथे पान प्लॅस्टिकला चिकटते नेमके तिथेच ते गोठते. एकेका रोपावर तळ कापलेली दुधाची बाटली उपडी घातली तरी काम भागते. जुन्या काळी पॅरिसभोवतालचे भाजीवाले काचेच्या घंटा वापरत. सकाळी ऊन वर आले की सगळे काढायचे, नाहीतर थंडीतून वाचलेले रोप दहा वाजता उकडून जाते.

निफाडला पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे पाणी सोडले जाते. अमेरिकेतल्या फळबागांत आणि पाइन बॅरन्समधल्या क्रॅनबेरीच्या मळ्यांत तुषार सिंचन रात्रभर चालू ठेवतात. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडते, आणि सतत नवे पाणी गोठत राहिले तर बर्फाखालची कळी शून्याच्या आसपासच थांबते. परसात हा खेळ करू नये. पहाटे पाणी मध्येच बंद पडले तर बाष्पीभवनाने पाने उलट अधिक थंड होतात.

एवढे करूनही पाने गेलीच, तर लगेच कात्री घेऊन धावू नये. चार-पाच दिवसांत कुठे काळे आणि कुठे हिरवे ते स्पष्ट होते. बटाट्याचा वरचा पाला पूर्ण जळला तरी जमिनीतल्या कंदातून नवे कोंब येतात. पीक आठवडा-दोन आठवडे लांबते, एवढेच. मका कोवळा असेल तर त्याचा वाढीचा शेंडा अजून मातीखाली सुरक्षित असतो आणि तो पुन्हा फुटतो. टोमॅटोचा देठ खाली हिरवा असेल तर पानांच्या बेचक्यातून फुटवा येतो, पण नवे रोप हाताशी असेल तर ते लावलेले बरे, कारण तो फुटवा मागेच राहतो. घेवडा, काकडी आणि वांगी यांच्यावर वेळ घालवू नये. घेवड्याची बीजदले जमिनीच्या वर उघडी असतात. ती आणि शेंडा गेला की पुन्हा फुटायला काही उरत नाही. तिथे नांगे भरायला बी राखून ठेवावे. भेंडी पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत तोड्याला येते, त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पेरली तरी ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या पहिल्या कडाक्यापर्यंत दिवसाआड तोडा निघतो.